जोडणाऱ्यानं पहिलं बसायचं

उंब्रजच्या केरबा लोहारानं आयुष्यात किती बैलगाड्यांच्या चाकांवर धाव चढवली, असं कुणी विचारलं की तो सरळ हायवेकडे बोट करायचा. "ह्या रस्त्यानं जी गाडी जाईल आन खडखड वाजनार न्हाई, ती माजी समज," म्हणायचा. आणि मग स्वतःच हसायचा. कारण चौऱ्याहत्तर साल उजाडलं होतं, आणि त्या रस्त्यानं न खडखडता जाणाऱ्या बहुतेक गाड्या आता रबरी टायरच्या होत्या.

धाव म्हणजे लाकडी चाकावरचा लोखंडी पट्टा. तो चाकापेक्षा बोटभर तोकडाच करायचा. गोवऱ्यांच्या गोल जाळात लालबुंद तापवायचा, चौघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायचा, आणि बसला रे बसला की वरून बादल्यांनी पाणी. चर्र करून वाफेचा लोट उठायचा, आरे कडकडत मधल्या तुंब्यात घुसायचे, आणि खिळखिळं चाक डोळ्यांदेखत आवळून एकजीव व्हायचं. ना खिळा, ना सांधा. नुसत्या विस्तवानं धरलेलं! केरबाला पोरवयापासून ह्या खेळाचं वेड. "तापवून घातलं की जलमभर सुटत न्हाई," हे त्याचं ब्रीद. बनुबाईशी झालेलं लग्नसुद्धा त्यानं ह्याच ब्रीदात बसवलं होतं.

"आमचं लगीन बी भर चैतात लागलं," तो भाता ओढत सांगायचा. "तापवूनच घातलंया."

"व्हय," आतून बनुबाईचा आवाज यायचा. "आन पानी मीच वतत आलीया आजवर."

आणखी एक रीत त्याच्या घराण्यात पणजोबापासून चालत आली होती. नवी धाव चढवलेली गाडी पहिल्यांदा जुंपली की तीत आधी लोहारानं बसायचं. मालकानं नव्हे, मालकाच्या पोराबाळांनी नव्हे. गावाला फेरी मारून चाकं सुखरूप परत आली की मगच लोहार खाली उतरणार, नारळ घेणार आणि गाडी मालकाच्या हवाली करणार. "जोडणाऱ्यानं पयलं बसायचं," केरबाचा बाप सांगायचा. "आपुनच बसाया भ्यालो, तर दुसऱ्याला का म्हनून बसवायचं?"

अलीकडे मात्र केरबा अशा एकाही गाडीत बसला नव्हता. पोटाला कमी होतं असं नाही. उसाचा मुलूख, कोयते आणि खुरपी हवीच असत. पण फेरी नव्हती. पहिल्या फेरीला गाडीच्या उंच साट्यावर बसून, फेटा सावरत, दोन्ही बाजूंच्या दारांतून "केरबानाना, ब्येस हाय का?" असं ऐकत जाण्याची मजा कोयत्यात कुठून येणार?

"आता कोयत्यावर बसून फेरी मार गड्या," आप्पासो त्याला चिडवायचा. आप्पासो शेजारचा बागायतदार, केरबाचा बालमित्र. मळ्यातलं पाणी पाजून झालं की तो भट्टीसमोरच्या दगडावर येऊन बसायचा, तो जेवणवेळेलाच उठायचा. पहिली रबरी टायरची गाडी गावात त्यानंच आणलेली. केरबानं त्याबद्दल त्याला अजून माफ केलेलं नव्हतं, आणि रोजचा चहा पाजायचंही थांबवलं नव्हतं.

पाडवा आठवड्यावर आला असताना एका सकाळी हायवेवरून एक मोटार उतरली आणि थेट भट्टीपुढे येऊन थांबली. बसकी, गोल नाकाची, बटबटीत डोळ्यांची. रंग पार उडालेला, पण गंजाचा ठिपका म्हणून कुठे नाही.

"बेडूक आला बघ केरबा," आप्पासो म्हणाला.

बेडकातून एक ताठ पाठीचा, मिशाळ गडी उतरला. मागच्या दारानं एक काटक बाई उतरली आणि कुणाशी न बोलता गाडीच्या मागे जाऊन वाकून बघू लागली.

"राम राम. केरबा लोहार तुमीच का?"

"आजून तरी मीच. काय काम काढलं?"

"मी नाथाजी. कवठे महांकाळच्या पल्याड आमची वाडी. मिलिट्रीत डायवर हुतो, पिन्शनीत आलो. ही आमची साळूबाई. तुमच्या गावच्या हंबीररावांची चक्की घेतलीया आमी. तिचा गाडा तुमी केलाय म्हंत्यात."

केरबाचा चेहरा उजळला. हंबीररावाची चक्की म्हणजे तेलाच्या इंजिनावर चालणारी फिरती पिठाची गिरणी. दोन चाकी गाड्यावर बसवलेली, बैलजोडीनं गावोगाव ओढत न्यायची. गावात वीज आली, विजेची गिरणी आली, आणि ती बिचारी हंबीररावाच्या गोठ्यात गवताच्या पेंढ्या सांभाळत बसली होती.

"गाडा माजाच," केरबा म्हणाला. "दहा वरसं वडा, कुरकुरनार न्हाई."

"त्योच ह्या गाडीला जोडायचा. टोचनला गाडीच्या मागं दांडी पायजे, दांडीला हूक. एकदम टैट."

"घ्या!" आप्पासो म्हणाला. "बैलाच्या जागी बेडूक जुपा."

"म्होरच्या वेल्डिंगवाल्यानं हात वर केलं," नाथाजी म्हणाला. "म्हनला, हिच्या चासीला लोखंड चिकटतच न्हाई."

"का चिकटंना?"

केरबा गाडीखाली सरकला. हातोडीच्या टोकानं त्यानं खालच्या सांगाड्याला टिचकी दिली. ठण्ण यायला हवं तिथं थप्प आलं. त्यानं पुन्हा दिली. ह्या आवाजाची त्याच्या घरात उठल्यापासून निजेपर्यंत सवय होती.

"आरं, ही तर जर्मल हाय!"

जर्मल म्हणजे ॲल्युमिनियम. बायकांच्या फळीवरची पातेली असतात ते. गाडीचा पत्राच काय, चाकांना आणि पाठीला धरून ठेवणाऱ्या खालच्या दोन लांब पोकळ तुळयासुद्धा त्याच्याच होत्या.

"विलायती हाय," नाथाजी जरा अभिमानानं म्हणाला. "साताऱ्याच्या एका म्हाताऱ्या डाक्टरांची. वजनाला हलकी, गंज बिलकुल न्हाई."

"मोटार घेतलीस का भाताचं पातेलं?" आप्पासो म्हणाला.

आता साळूबाई पुढं आली. "मामा, चेष्टा ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं लाईट कवा यायची ती येवो. बाया दळपाचं वझं डोक्यावर घिऊन तालुक्याला जात्यात. सकाळी गेलेली तिन्हीसांजंला घरला येती. मी समद्यांस्नी सांगून आलीया, औंदा पाडव्याची पोळी वाडीतच दळल्याल्या पिठाची. आन मंग चक्की वाड्या-वस्त्यांनी फिरनार, मी चालवनार."

"ती चक्की चालवनार," नाथाजी म्हणाला. "मी नुसता डायवर."

"आन न्हाईच गेली तर?" केरबानं विचारलं.

"तर मला त्या बायांबरूबर डोक्यावर पायली घिऊन पाडव्याच्या आदल्या दिशी तालुक्याला जावं लागंल. चालायचं काय न्हाई मामा, चालतोच की. पर त्या वाटंनं काय काय बोलतील!"

केरबा हसला. त्यानं फेटा काढून पुन्हा बांधला. गेल्या कित्येक महिन्यांत त्याच्याकडे कुणी जोडायचं काम घेऊन आलं नव्हतं.

"पाडव्याला तुजी चक्की तुज्या दारात, पोरी," तो म्हणाला. "ह्यो केरबाचा शबुद."

पाहुणी मंडळी हंबीररावाच्या सोप्यात उतरली, आणि दुसऱ्या दिवशी केरबानं भट्टी पेटवली. त्याचा बेत सोपा होता. मागच्या बाजूला दोन्ही तुळयांची टोकं उघडी होती. त्या टोकांवर लोखंडाची दोन चौकोनी कडी तापवून चढवायची, पाणी मारायचं, म्हणजे धावेसारखी आवळून बसतील. कड्यांना आडवी दांडी, दांडीला हूक. ना बोल्ट, ना वेल्डिंग.

बनुबाई अंगणात भांडी घासत होती. तिनं गोवऱ्यांचा जाळ पाहिला, तापत ठेवलेलं कडं पाहिलं, आणि राखेचा हात तसाच धरून उभी राहिली.

"आवं, त्या जर्मलवर ही लाल कडी घालताय?"

"मग काय गार घालू?"

"रिकामं पातेलं चुलीवर ऱ्हायलं की काय हुतंय, ठावं हाय न्हवं? बूड बसतंय त्येचं."

"बने, चूल येगळी आन भट्टी येगळी."

"जाळ त्योच की."

"तू पानी तयार ठिव," केरबा म्हणाला. आणि ती बादली भरायला गेली, कारण पाण्याचं काम तिचंच होतं.

लालबुंद कडं सांडशीत धरून केरबानं डाव्या तुळईवर सारलं. सुरेख गेलं. ठाक् ठाक् दोन घाव घातले. "पानी!" बनुबाईनं बादली ओतली. तीच चर्र, तोच वाफेचा लोट. केरबानं डोळे मिटून वास घेतला. वाफ निवळली तेव्हा आप्पासोच आधी बोलला.

"केरबा, म्हातारीच्या गालागत झालं रं."

तुळईचं टोक आत चेपलं होतं. काकवीत बोट घातल्यासारखं. आणि सगळं गार झाल्यावर केरबानं कड्याला हात लावला, तर जन्मभर न सुटणारं ते कडं मनगटातल्या बांगडीसारखं खुळखुळलं.

त्यानं पुन्हा हलवून बघितलं. पुन्हा खुळखुळलं.

लाकूड विस्तवानं आवळायचं. हे नरम पडून चेपलं होतं, आणि गार होताना लोखंडापेक्षा जास्तच आखडलं होतं. केरबाला हे सगळं समोर दिसत होतं, पण मानायला वेळ लागत होता. नाथाजी पाना हातात घेऊन गाडीच्या सावलीत उभा होता. फौजेतला माणूस, वरिष्ठापुढं बोलायचं नाही ही सवय. साळूबाईच काय ती बोलली.

"मामा, आता?"

रागावली असती तर बरं झालं असतं. केरबा ऐरणीशेजारी बसला. बापाचा चेहरा त्याला आठवला, आणि त्यापाठोपाठ डोक्यावर पायली घेऊन वाटेनं निघालेली साळूबाई. जेवणवेळ झाली नसताना आप्पासो दगडावरून उठला, यावरून प्रकरण किती गंभीर आहे हे सगळ्यांना कळलं.

एवढ्यात आतून धाडकन आवाज झाला. बनुबाईनं फळीवरचं एक जुनं, काळंकुट्ट जर्मलचं पातेलं आणून केरबाच्या पुढ्यात आदळलं होतं. त्यातली भांडी घासायची राख त्याच्या धोतरावर उडाली.

"ह्ये वळखलं का?"

"राखंचं पातेलं."

"आता राखंचं. पयलं दुधाचं हुतं, माज्या म्हायेरचं. दोन्ही कड्या निसटल्या तवा ही एक तुमी बसवली," तिनं एका बाजूच्या भोकात बोट घातलं, "आन ही दुसरी त्या फिरत्या भांडी सांधनाऱ्यानं. तुमी फलटनला पावन्याकडं गेला हुता तवा. एकाच साली. तुमची कुटं हाय?"

केरबाची कडी जागेवर नव्हती. तिथं बोटभर भोक होतं आणि कडेला पांढरी पूड धरली होती. दुसरी कडी मात्र घट्ट. त्यानं पातेलं उन्हाकडे धरलं. त्या फिरस्त्यानं आतून आणि बाहेरून जर्मलचीच रुंद चकती लावली होती, आणि लोखंडी कडी चकतीला भिडते तिथं मध्ये कातड्याचा तुकडा.

"तुमी खिळा ठोकला आन मोकळं झाला," बनुबाई म्हणाली. "त्या गरिबानं इचार केला."

"लोखंड आन जर्मल एकामेकाला खात्यात," केरबा हळूच म्हणाला. "ओल लागली की खात्यात. मधी कायतरी पायजे."

साळूबाई वाकून बघत होती. "म्हंजी सासू-सुनंच्या मधी नवरा असतुया, तसं."

"आन त्यो दोन्हीकडनं दाबला जातुया," नाथाजी म्हणाला.

ते त्याचं सकाळपासूनचं पहिलं बोलणं. आप्पासो एवढ्या मोठ्यानं हसला की हायवेवरचा एक सायकलवाला थांबला. केरबाही हसला, आणि हसता हसता उठला. राख झटकली, आणि चेपलेलं टोक करवतीनं कापून काढलं. करवत पातळ होती, पण जर्मल मऊ.

कापलेला तुकडा वाया घालवायचा नाही. त्याला आरपार भोक पाडून केरबानं त्यात बोल्ट घातला आणि आवळून बघितलं. नट फिरेल तसे पोकळ तुळईचे दोन्ही गाल आत आत गेले.

"ढिल्ला ठिवावा तर निसटतुया, आवळावा तर चेपतुया," नाथाजी म्हणाला. "कसं करायचं?"

केरबा भट्टीमागे पडलेल्या एका मोडक्या चाकाकडे बघत होता. चाकाच्या मधल्या तुंब्यात लोखंडाची नळी बसवलेली असते. कणा त्या नळीत फिरतो, लाकडाला त्रास होत नाही. आयुष्यभर हजार नळ्या त्यानंच बसवलेल्या.

"तुंबा!" तो ओरडला.

"कोन तुंबा?" आप्पासोनं विचारलं.

"तू ऱ्हा गप. बने, त्यो पायपाचा तुकडा आन."

तुळईच्या पोकळीत बरोबर मावेल एवढी नळी कापून त्यानं आत उभी केली आणि नळीतून बोल्ट घातला. आता नट आवळला की दाब नळी घेत होती. गाल जागच्या जागी. केरबानं पाना पूर्ण जोरानं ओढला, मग नाथाजीच्या हातात दिला. नाथाजीनं ओढला. मग आप्पासोनं, कारण त्याला राहवेना.

पुढचे दिवस कसे गेले ते कळलं नाही. चकतीचा धडा केरबा विसरला नव्हता. वजन एका भोकावर आलं की जर्मल फाटतं. ते लांबवर वाटून द्यायला हवं. म्हणून त्यानं हातभर नव्हे, चांगल्या दोन हात लांबीच्या लोखंडी पट्ट्या घेतल्या. तुळईच्या दोन्ही अंगांना एकेक, मागच्या टोकापासून पार पुढं, जिथं चाकांच्या स्प्रिंगचे पाटे तुळईला धरतात तिथवर. जागोजाग आत नळी, नळीतून बोल्ट. भोकं गिरमिटानं पाडली, जाळून नाही. भट्टी आता फक्त पट्ट्या वळवायला आणि हूक घडवायला; गाडीच्या आसपास जाळ नेला की बनुबाई नुसती खाकरायची.

प्रश्न उरला मधल्या कातड्याचा. एवढं कातडं आणायचं कुठून? केरबाला हायवेवरचं डांबराचं पिंप आठवलं. रस्त्याच्या गँगमध्ये त्याच्या ओळखी होत्या. जाड कापड डांबरात बुडवून मध्ये घातलं तर पाणीही शिरणार नाही. जाड कापड मात्र नाथाजीकडेच होतं, आणि ते तो देईना.

"मामा, ह्यो माजा किटबॅग. लडाखला ह्यो उशाला घिऊन झोपलोय मी. बर्फात."

"आता चक्कीच्या उशाला दे," साळूबाई म्हणाली.

"पलटनीचं नाव हाय त्याच्यावर."

"नाव भायेरच्या अंगाला ठिवू," केरबा म्हणाला. "उलट गाडीखाली शिरंल त्येला दिसंल."

बॅगेच्या पट्ट्या झाल्या. नाथाजीनं त्या स्वतः डांबरात बुडवल्या, तोंड फिरवून. लोखंड आणि जर्मल जिथं जिथं भेटणार होते तिथं तिथं, नळ्यांच्या भोवतीसुद्धा, फौजेचं कापड बसलं.

"एक लक्षात ठिव," केरबानं त्याला बजावलं. "कापड दाबानं बसनार. बसलं की नट ढिला. म्हनून आज आवळला म्हनून झालं न्हाई. वाटंत थांबून परत आवळायचा, आन मंग वरनं दुसरा नट."

"यस सर," नाथाजी म्हणाला, आणि पाय जुळवले.

दांडी बसली तेव्हा आप्पासो मळ्यात गेला आणि आपली खिलार जोडी घेऊन आला. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं गाडीच्या हुकाला साखळी लावली, नाथाजीला आत बसवून ब्रेक दाबायला लावला, आणि बैलांना हाक दिली. बैल खुरं रोवून वाकले. साखळी ताणली. बेडूक क्षणभर थरथरला, आणि मग सगळी चाकं जागच्या जागी धरून फुफाट्यात तसाच घसरत मागे निघाला. दांडी हलली नाही. केरबा गुडघ्यावर बसून एकेका नटाला बोट लावत होता.

"ल्येका," आप्पासो म्हणाला, "माज्या रबरी गाडीला बी आसंच कायतरी कर की."

"तुज्या गाडीला टायर हायत. आनिक काय पायजे?" केरबा म्हणाला. पण तो आतून इतका खूश झाला होता की त्या दिवशी त्यानं आप्पासोला दोनदा चहा पाजला.

पाडव्याच्या आदल्या पहाटे गाडा जोडला. हंबीररावाची गिरणी, तेलाचं इंजिन, जात्याचे दगड, वर ताडपत्री. नाथाजीनं पुढचं दार उघडून धरलं.

"मामा, आलाच हाय सोडाया तर फुडं बसा, वेशीपातुर."

"फुडं न्हाई," केरबा म्हणाला. धोतराचा काचा मारला आणि गाड्यावर चढून इंजिनाशेजारी बसला. "आन वेशीपातुर बी न्हाई."

"म्हंजी?"

"जोडणाऱ्यानं पयलं बसायचं. गाडी गावात फिरनार आसंल तर गावाची फेरी. ही जानार कवठे महांकाळला. मंग माजी फेरी तिथवर. आन गाड्याचा ब्रेक कोन आवळनार? तुजा पाय हितवर पुरतुया व्हय?"

गाड्याला लाकडी ठोकळ्यांचा ब्रेक होता, मागे बसूनच फिरवायचा. नाथाजीनं पुढचं दार लावून घेतलं. तोवर बनुबाई पदर खोचून, हातात गाठोडं घेऊन चाकावर पाय देत होती.

"तू कुटं?"

"पानी कोन वतनार?" ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी बसली.

कऱ्हाडपर्यंत मजा झाली. केरबानं फेटा सावरून दोन्ही बाजूंना राम राम घातले. ओळखीचं कुणी नव्हतं तरी लोक हात करत होते. पण सुर्लीचा घाट दिसला आणि त्याचा हात ब्रेकवर गेला. नाथाजीनं पायथ्याला थांबून गिअर बदलला. घाट चढताना सगळं वजन मागे खेचणार, सगळं त्या दांडीवर. दांडी निसटली तर मोटार पुढं, आणि गाडा मागे, खाली, दरीकडे.

"तू उतर," केरबा बायकोला म्हणाला. "चालत यी वरपातुर."

"तुमी उतरताय का?"

"मी कसा उतरू?"

"मंग मी बी न्हाई. तुमीच म्हंता न्हवं, तापवून घातलं की सुटत न्हाई."

"त्ये म्या सोडलं आता," केरबा म्हणाला. "आता मधी कापड घालतो."

अर्ध्या चढाला समोरून उसाचा ट्रक आला. नाथाजीनं बाजू दिली, आणि बेडकाचं इंजिन खोकून बंद पडलं. गाडी हातभर मागे आली. केरबानं दोन्ही हातांनी ब्रेक आवळला, ठोकळे किंचाळले, सगळं जागच्या जागी थांबलं. खालून वाऱ्यानं वर येणारा फुफाटा, इंजिनाच्या तेलाचा वास, आणि दांडीकडे लागलेले केरबाचे डोळे. बनुबाईनं त्याच्या सदऱ्याची बाही धरली होती.

नाथाजीनं इंजिन चालू केलं. पुढून साळूबाईनं मान बाहेर काढली. "मामा, ह्ये इचारत्यात, घेऊ का?"

हिसका बसणार होता. खरी परीक्षा हीच, बैलांची नव्हे. केरबानं ब्रेकवरचा हात सैल केला.

"घे म्हनावं, पोरी!"

गाडी पुढे झेपावली. दांडी खाड्कन वाजली, गाडा दणकला, बनुबाईचं गाठोडं उडून केरबाच्या मांडीवर आलं, आणि चाकं चढाला लागली. केरबा बघत होता. पट्ट्या जागेवर. बोल्ट जागेवर. पलटनीच्या नावातली शेवटची दोन अक्षरं डांबरातून डोकावत होती, तीही जागेवर.

माथ्यावर नाथाजीनं गाडी उभी केली. केरबा पाना घेऊन खाली शिरला. कापड दाबानं बसलं होतं; प्रत्येक नट अर्धा आटा फिरला. त्यानं वरून दुसरे नट चढवले आणि बाहेर येऊन घाम पुसला. साळूबाईनं गूळ आणि पाणी पुढं केलं.

"मामा, भ्या वाटलं?"

"मला?" केरबा म्हणाला. "छ्या."

"बाही बघा त्येंची," बनुबाई म्हणाली. "म्या धरली हुती न्हवं, घामानं चिंब."

दिवेलागणीला गाडी वाडीत शिरली. बाया आधीच ओट्यावर जमल्या होत्या. कुणाच्या डोक्यावर काही नव्हतं, सगळी पायली-पोती दाराशी मांडून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी गुढ्या उभ्या राहायच्या आत साळूबाईनं इंजिनाला हँडल मारलं. टुकटुक करत गिरणी सुरू झाली. पहिला गहू साळूबाईच्या सासूचा, दुसरा बनुबाईनं उंब्रजहून गाठोड्यात आणलेला. पांढरं ऊन पीठ ओंजळीत घेऊन बनुबाईनं ते नवऱ्याच्या नाकापुढं धरलं. केरबानं वास घेतला, आणि मग नाथाजीनं त्याच्या हातावर नारळ ठेवला. आता कुठं त्यानं गाडी मालकाच्या हवाली केली.

परत येताना दोघं एसटीनं आली. खिडकीशी बनुबाई, मांडीवर नारळ आणि पोळ्यांचं फडकं. केरबा सीटखाली वाकून काहीतरी बघत होता.

"काय हुडीकताय?"

"बोल्ट बघतुया. कंडक्टर!" त्यानं हाक मारली. "ही गाडी ज्येनं जोडली, त्यो कवा बसला हुता का हो हिच्यात?"

कंडक्टरनं तिकिटाची पेटी खाली ठेवून त्याच्याकडे नीट पाहिलं. "का हो बाबा?"

"न्हाई, इचारलं," केरबा म्हणाला.

"तुमी गप बसा," बनुबाई म्हणाली. "आन घरला गेल्यावर आधी माज्या पातेल्याची कडी. मधी कातडं घालून."

"घालतो," केरबा म्हणाला. "आन त्यातनं पयलं दूध मीच पिनार. रीत हाय ती."